शेरा : शेतावर गेला

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत सध्या दोन पिकं जोमात आहेत. एक भाताचं, दुसरं फार्महाऊसचं. भाताला पाऊस लागतो, फार्महाऊसला कंपाउंड पुरतं. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पूर्ण झाला, आणि दुसऱ्या पिकाचा हंगाम बारमाही झाला.

पावसाळ्यात इथे शहरातली मुलं लावणीला येतात. म्हणजे लावणीच्या फोटोला. एसी बस, पायात गमबूट, डोक्यावर भाड्याचं इरलं, माणशी चार आकडी रक्कम आणि त्यात पिठलं-भाकरी. तासाभरात खाचराचा एक कोपरा लावून होतो. बस फाट्याला लागली की शेताची मालकीण खाली उतरते, तरंगणारी रोपं गोळा करते आणि तो कोपरा पुन्हा लावते. हे दुसऱ्यांदा लावणं पावतीत धरलेलं नसतं.

आता या खेळाला दवाखान्यातलं नाव मिळू लागलंय. मुलं स्वमग्न असतील, गतिमंद असतील, डाउन सिंड्रोमची असतील, तर हाच चिखल थेरपी होतो. माती हातात घेतली की ‘सेन्सरी’, शेळीला थोपटलं की ‘अ‍ॅनिमल असिस्टेड’, रोप लावलं की ‘हॉर्टिकल्चरल’. यात हसण्यासारखं काही नाही. मुलांना बरं वाटतं, पालकांना चार तास मोकळा श्वास मिळतो. नेदरलँड्समध्ये अशी शेतं हजाराच्या वर आहेत आणि तिथल्या शेतकऱ्याला या कामाचे पैसे सरकारी तिजोरीतून मिळतात.

हसू येतं ते कुंपणाच्या अलीकडचं पाहून. फार्महाऊसच्या काटेरी तारेला लागूनच्या कातकरी वाडीत पंधरा-सोळा वर्षांचा असाच एक मुलगा असतो. बोलणं तुटक, आकडेमोड शून्य, पण कळपातली कुठली शेळी आज लंगडते आहे ते मालकाच्या आधी त्याला कळतं. तो दिवसाचे आठ तास अ‍ॅनिमल असिस्टेड थेरपी घेतो, तीही फुकट. शाळेच्या हजेरीत मात्र त्याच्या नावापुढे गैरहजर, आणि शेरा : शेतावर गेला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी दहा दिवस दप्तराविना शाळेची कल्पना आहे. त्या दिवसांत मुलांनी माळी, सुतार, कुंभार अशा जाणत्या कारागिरांजवळ बसून शिकावं. वाचून बरं वाटलं. आमच्या वाडीतला मुलगा हे धोरण वर्षाला दोनशे दिवस राबवतो, बिचाऱ्याला परिपत्रक मिळालेलं नाही एवढंच.

विशेष शिक्षणाचा पहिला धडा कुठल्याही वर्गात सारखाच असतो. लहान-मोठं, लांब-आखूड, सारखं-वेगळं. त्यासाठी प्लास्टिकचे लाल-निळे ठोकळे येतात. मूल ते वेगळे करतं, बाई शाबासकी देतात, मग ठोकळे पुन्हा एकत्र ओततात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेगळे करायला लावतात. मूल गतिमंद असेल, पण एवढं त्यालाही कळतं की केलेलं काम रोज कोणी तरी मोडून ठेवतंय.

आता मुरबाड-शहापूरच्या भेंडीकडे या. इथली भेंडी परदेशी जाते. बोटभर लांब, सरळ, कोवळी, न वाकलेली, देठ एकसारखा कापलेला, अशीच घेतात. बाकीची कल्याणच्या बाजाराला. पहाटे तोडणी झाली की घराच्या पडवीत ढीग पडतो आणि घरातली माणसं भोवती बसून ती निवडतात. लहान-मोठं, लांब-आखूड, सारखं-वेगळं. ठोकळ्यांचाच धडा; फरक इतकाच की संध्याकाळी क्रेट गाडीत चढतात आणि कोणी ते परत ओतून देत नाही. मोगऱ्याचंही तेच. उमललेली कळी टाकायची, मिटलेली, टपोरी तेवढी घ्यायची, उजाडायच्या आत. दादरच्या फूलबाजारात उमललेल्याला भाव नाही. हात सावकाश चालला तरी चालतो, नजर चुकली तर चालत नाही, आणि अशी न चुकणारी नजर असलेली मुलं या दोन तालुक्यांत घरोघर बसून आहेत.

गेल्या आषाढात धसईच्या पुढे एका खाचरापाशी थांबलो होतो. लावणी चालू होती. आवण उपटून, मुळांचा चिखल धुऊन मुठी बांधल्या होत्या आणि एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा बांधावरून त्या मुठी चिखलात टाकत होता. हे काम दिसतं सोपं. मुठी दाट पडल्या तर रोपं उरतात, विरळ पडल्या तर वाकलेल्या बायकांना कंबर सरळ करून मागे चालत जावं लागतं, आणि मग त्या जे बोलतात ते इथे छापता येणार नाही. या मुलाला चिखल सोसत नाही. पायाला लागला तर कळवळून ओरडतो. त्यामुळे तो खाचरात उतरतच नाही. एक मूठ टाकायची, बांधावरून पावलं मोजायची, दुसरी टाकायची. सगळ्या मुठी दोरी लावल्यासारख्या. मी कौतुकाने दोन शब्द बोलायला पुढे झालो तर त्याच्या काकीने खाचरातूनच हात केला.

“आत्ता नका बोलू दादा त्याच्याशी. मोजतोय. चुकला ना, तर टाकलेल्या सगळ्या उचलायला लावंल नि पहिल्यापासून टाकंल.”

मी तोंड मिटलं. पासष्ट टक्के दिव्यांग, असं त्याच्या दाखल्यावर आहे. मुठी टाकण्यात तो किती टक्के, ते तपासायची सोय कुठल्याही सरकारी दवाखान्यात नाही. हाच हट्टीपणा एखाद्या मुलाने काचेच्या इमारतीत बसून संगणकासमोर केला असता तर त्याला क्वालिटी विभागाचा प्रमुख केला असता.

मग ही मुलं औपचारिकरीत्या शिकतात काय? कागदी पिशव्या. लिफाफे. मेणबत्त्या. दिवाळीच्या तोंडावर पणत्या आणि उटण्याची पाकिटं. ज्या तालुक्यात अजून निम्मं गाव पाऊस कधी येणार याच चिंतेत झोपतं, तिथल्या मुलाला लिफाफे चिकटवायला शिकवायचं, आणि तेही ज्या काळात माणसं पत्र लिहायची थांबली आहेत. ऑक्टोबरात प्रदर्शन भरतं, पाहुणे येतात, “किती सुंदर रंगवलंय” म्हणतात, दोन डझन पणत्या घेतात, आणि नोव्हेंबर ते पुढचा सप्टेंबर बाजार बंद. शिकवणाऱ्या बायांना दोष देत नाही. कार्यशाळेच्या मंजुरीत जे असतं तेच त्या शिकवणार, आणि चार भिंतींत चिखल आणणार तरी कुठून. पण मंजुरी देणारा साहेब ज्या रस्त्याने तपासणीला येतो त्याच्या दोन्ही बाजूंना भात उभा असतो. गाडीच्या काचा वर असतात, हे मान्य.

कायदा मात्र काचा खाली करून लिहिलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६. आधीच्या १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस झाले, स्वमग्नता त्यात नावानिशी आली. सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षण. कलम १९ सांगतं की बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न व्यक्तींसाठी कौशल्य प्रशिक्षणाचे खास कार्यक्रम करा आणि ते बाजाराशी जोडा. कलम ३७ तर वाचून मी चष्मा पुसला. संबंधित सर्व योजनांमध्ये शेतजमीन आणि घरांच्या वाटपात पाच टक्के आरक्षण, त्यातही दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य. शेतजमीन! शहापूर-मुरबाडमध्ये शेतजमीन कोणाला मिळते हे कुठल्याही इस्टेट एजंटच्या फलकावर वाचायला मिळेल. कलम ३७चा फलक मला तरी अजून दिसलेला नाही.

शिकवायला माणूस पाहिजे, त्याचंही ऐका. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये प्रमाण ठरवून दिलं : प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला पंधरामागे एक. शहरात हे गणित बसतं. डोळखांब किंवा टोकावड्याकडच्या पाड्यांवर दहा मुलं दहा डोंगरांवर असतात. एका पाड्यावर एक, ओढा ओलांडून दुसऱ्यावर एक. विशेष शिक्षक म्हणजे प्रत्यक्षात मोटारसायकलवरचा माणूस. अर्धा पगार पेट्रोलमध्ये, उरलेला पावसात. त्याने मुलाला रोज शिकवावं हे शक्यच नाही. पण महिन्यातून एकदा येऊन त्या मुलाच्या चुलत्याला, शेजारणीला, भेंडीवाल्याला शिकवणं शक्य आहे : काम तुकड्यांत कसं तोडायचं, एका वेळी एकच पायरी कशी दाखवायची, चिखल सोसत नसेल तर बांधावरचं काम कसं द्यायचं. धसईच्या काकीने हे कुठल्याही पदविकेशिवाय केलं. सगळ्या काक्या तिच्यासारख्या असतात असं समजून धोरण आखता येत नाही, म्हणून शिक्षक.

हे सगळं कोणी नवीन काढलंय, असंही नाही. डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांनी कुरणशाळा चालवली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत? ठीक, शाळा कुरणावर. शिक्षक गुरांमागे. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर वेगळा झाला २०१४मध्ये. म्हणजे हा प्रयोग आपल्याच जिल्ह्याच्या दप्तरातला. जिल्हा फुटला तेव्हा फायली वाटल्या गेल्या, कुरणशाळा कुठल्याच गठ्ठ्यात नसावी. त्याच किनाऱ्याने थोडं वर, गुजरातच्या हद्दीत फणसा इथे १९६०च्या सुमारास अंधांसाठी शेती आणि ग्रामीण उद्योगांचं टाटांच्या नावाचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. डोळ्यांनी न दिसणारा माणूस गाय पिळू शकतो आणि कोंबड्या सांभाळू शकतो, हे साठ वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे.

पुण्याजवळ मुळशी तालुक्यात कोळवणला १९९४पासून ‘साधना व्हिलेज’ आहे. बौद्धिक दिव्यांग प्रौढ तिथे घर करून राहतात. मूळ प्रेरणा कॅम्पहिल चळवळीची. व्हिएन्नाहून निर्वासित होऊन निघालेला कार्ल क्योनिग हा डॉक्टर स्कॉटलंडात अ‍ॅबरडीनजवळ पोचला, आणि १९४०मध्ये ज्या जागेत त्याने अशा मुलांसोबत बिऱ्हाड थाटलं तिचं नाव कॅम्पहिल. डॉक्टर, मदतनीस, मुलं एकाच छताखाली. शेती, बाग, स्वयंपाक सगळ्यांनी मिळून. महायुद्धातल्या निर्वासिताला जे परक्या देशात जमलं ते आपल्याला स्वतःच्या सातबाऱ्यावर जमत नाही. आणि आपल्या अगदी शेजारी, बदलापूरजवळ मुळगावला ‘आधार’ आहे, मतिमंद प्रौढांच्या आयुष्यभराच्या निवाऱ्यासाठी पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली संस्था. ‘आमच्यामागे याचं काय’ या प्रश्नाला सरकारकडून उत्तर येईल म्हणून ते पालक थांबले नाहीत, ते शहाणपणच म्हणायचं.

तोच प्रश्न मुरबाडात सातबाऱ्याच्या भाषेत विचारला जातो. बाप गेला, वारस नोंद लागली, दोन भावांच्या नावाबरोबर याचंही नाव चढलं. रस्त्यालगतच्या गुंठ्याला भाव आलाय. त्याचा अंगठा घ्यायला किती वेळ लागतो? नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९मध्ये सोय आहे : जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते आणि त्या पालकाला मालमत्तेचा हिशेब द्यावा लागतो. समिती ठाण्यात. खरेदीखताचा वकील मात्र शहापूरच्या नाक्यावर. कोण आधी पोचतं ते तुम्हीच ठरवा.

इथे थोडं सावधही व्हायला पाहिजे. मुलांना शेतावर पाठवा म्हटल्याबरोबर गावातली काही पांढरी टोपी घातलेली मंडळी पहिला हात वर करतील. “पाठवा ना आमच्याकडे. पोरासारखा सांभाळू.” पोरासारखा म्हणजे पहाटे चारला शेण, दुपारी गवताचा भारा, रात्री उरलेलं जेवण, दिवाळीला एक शर्ट, आणि मजुरीचं नाव काढलं तर “त्याला पैशातलं काय कळतंय?” असे गडी आपण सगळ्यांनी पाहिलेत. ते ‘साधेभोळे’ होते, असं आपण त्यांचं कौतुक करतो. हेच पोर दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेलं तर तिथे त्याची थेरपी विटा वाहण्याची. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं. भिवंडीच्या भट्टीवर ते कार्ड दाखवल्यावर विशेष शिक्षक प्रकट होतो, असा अनुभव कोणाचा असल्यास कळवावा.

म्हणून कागद पाहिजे. किती तास, कोणतं काम, कोणाच्या नजरेखाली. फवारणीचा पंप याच्या पाठीवर द्यायचा नाही, आणि भेंडीला फवारे काही कमी नसतात. विहिरीच्या काठावर एकटा पाठवायचा नाही. पावसाळ्यात गवतात हात घालायच्या आधी काठी आपटायची, कारण साप दाखला बघून चावत नाही. निरामय विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचा. तो आधी काढायचा, मग आवणाला हात. शिकत असेल तर विद्यावेतन, शिकून झालं की मजुरी, तीही त्याच्या स्वतःच्या खात्यात. आणि नाही आवडलं तर घरी जायची मुभा. शेत काही प्रत्येकाला आवडत नाही. ज्याला आवाज सोसत नाही त्याला झोडणीच्या मशीनजवळ उभा करणं ही शिक्षाच. शेतकऱ्यांच्या धडधाकट मुलांनाही शेती आवडत नाही, त्यांना मात्र आपण एमआयडीसीत जाऊ देतो.

पाण्याचंही बोलायला हवं, नाहीतर सगळं लावणीपुरतंच राहील. भात एकाच हंगामाचं. भेंडी-मोगऱ्याला उन्हाळी पाणी लागतं. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं शहापूरच्या अंगणात, पाणी मुंबईच्या नळाला, आणि मार्चनंतर पाड्यांवर टँकर. तेव्हा ज्या मुलाला भेंडी निवडायला शिकवलं त्याला उन्हाळ्यात टँकरपुढे हंड्यांची रांग लावायला मिळते. तीही तो दोरी लावल्यासारखी लावेल म्हणा.

आता शेवटचा आक्षेप, तो कचेरीतून येणार : निधी कुठाय? आहे. महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. आधी तीन टक्के होते. पूर्वी शंभर घरांच्या गावाचं उत्पन्न ते काय असायचं, आणि त्याचे पाच टक्के काय! पण आता गावोगाव बंगले उठलेत, जलतरण तलाव झालेत, आणि बंगल्याला घरपट्टी लागते. म्हणजे शहरातला माणूस शनिवार-रविवारी येऊन पाय पसरतो त्या बंगल्याच्या घरपट्टीतल्या पाच टक्क्यांवर गावातल्या मुलाचा हक्क आहे. या पैशाचं सध्या काय होतं ते मार्चअखेर पाहावं. निधी परत जाईल या धास्तीने घाईघाईने काहीतरी वाटप होतं. कुणाला ब्लँकेट, कुणाला स्टीलचा डबा, कुणाला खात्यावर चार पैसे, आणि सरपंचांबरोबर फोटो. ज्याला दोन्ही हात धड आहेत आणि काम पाहिजे त्याला ब्लँकेट, तेही मार्चच्या उकाड्यात.

यात विद्यावेतन बसतं. शिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मेहनताना बसतो. दोन-तीन पंचायती एकत्र आल्या तर मोटारसायकलवाल्या शिक्षकाचं पेट्रोलही बसतं. नवं खातं नको, इमारत नको, मंत्र्याच्या हस्ते नारळ नको. ठराव पाहिजे, ग्रामसभेचा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना सभा ठरलेल्याच असतात. विषयपत्रिकेत जागा नसेल तर ‘ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात घाला. तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात, विरोध करायला कोणी उरत नाही.